बांधावरची तीन पिल्लं

त्या पावसाळ्यात आमच्या घरात सगळ्यात जास्त काय शिजलं असेल, तर पाणी. दोन मोठी पातेली सकाळी, दोन संध्याकाळी. परदेशातून आलेले चार विद्यार्थी सहा आठवडे आमच्या पुढच्या खोलीत राहायला होते आणि हापशाचं पाणी वीस मिनिटं उकळल्याशिवाय प्यायचं नाही, असं त्यांच्या संस्थेच्या कागदावर छापलेलं होतं. तो कागद लिहिणाऱ्याने श्रावणात कधी चूल पेटवली नसावी. लाकडं ओली, गोवऱ्या दमट, धूर घरभर. माय डोळ्यांना पदर लावून फुंकणी फुंकत बसायची आणि मध्येच माझ्याकडे बघून म्हणायची, "आते पानीबी रांधनं पडी का माले?" तिच्या आवाजात राग नसायचा. ती नुसती दमलेली असायची, आणि ते पाणी गाळून, थंड करून, बाटल्यांत भरून देण्याचं काम माझ्याकडे असल्यामुळे मीही दमलेली असायची. आता पन्नाशीला टेकल्यावर त्या दिवसांकडे बघते तेव्हा आधी तो धूर आठवतो, मग त्या मुलांचे चेहरे.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगर सुरू होतात तिथलं. संस्थेला गावात राहण्याची सोय हवी होती आणि संडास असलेलं घर आमचंच होतं, म्हणून सरपंचांनी नानांना, म्हणजे माझ्या वडिलांना, गळ घातली. नाना कुणाला नाही म्हणत नसत. हो म्हणून ते शेतात निघून जात आणि त्या होकाराचं पुढचं सगळं माय निस्तरत असे. त्या मुलांच्या देशात उन्हाळ्याची मोठी सुट्टी नेमकी तेव्हा पडते, जेव्हा आमच्याकडे निंदणीची घाई असते. बाजरीत तण कमरेइतकं वाढायला टपलेलं असतं आणि बाया मिळत नाहीत. सेवा करायला आलेल्या माणसांना तुम्ही चुकीच्या महिन्यात आलात, हे सांगणार कोण? आम्ही त्यांना गंध लावून ओवाळलं, शाळेच्या मुलांनी गाणं म्हटलं, आणि त्या रात्रीपासून मायने तिखट नसलेली वेगळी भाजी टाकायला सुरुवात केली.

त्यांना आमच्यातलं आवडायचं ते बट्टी. वरण-बट्टीच्या दिवशी ते चौघंही गप्प बसून जेवायचे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा तुकडा मात्र तोंडात बराच वेळ फिरवत राहायचे आणि मग पाणी प्यायचे, म्हणजे पुन्हा पातेलं चढलं. सकाळी उठल्यावर घरात चार वेगवेगळे आवाज असायचे. त्यांच्या बुटांचे, बॅगांच्या चेनचे, ओवेन नावाच्या उंच मुलाच्या शिंकांचे, आणि हॅना नावाच्या मुलीचं मायला "गुड मॉर्निंग, माय" म्हणणं. हॅना माझ्याच वयाची होती. हाताला चटका बसेपर्यंत ती भाकरी थापायला बसायची आणि तिच्या भाकरीला कुणी हसलं तर स्वतः आधी हसायची. वाईट माणसं नव्हती ती. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून कुणाला तसं वाटेल.

त्यांचा कार्यक्रम आखीव होता. सकाळी गावसेवा, दुपारी वन्यजीव, रविवारी साहस. गावसेवा म्हणजे शाळेची भिंत रंगवणं. तिच्यावर त्यांनी आमच्या जंगलातले प्राणी काढले. त्यातल्या बिबट्याचं पोट जरा जास्त सुटलं होतं, म्हणून पोरांनी त्याला सरपंचांचं नाव ठेवलं. साहस म्हणजे गावामागचा डोंगर दोर लावून चढणं. त्याच डोंगरावरून गावातल्या बाया डोक्यावर मोळी घेऊन चपलांशिवाय उतरायच्या. दोराला लटकलेल्या ओवेनच्या बाजूने बजाअक्का एकदा मोळी घेऊन खाली आली आणि थांबून मला म्हणाली, "याले इचार, मोळी धरी का थोडा येळ?" मी ते त्याला इंग्रजीत सांगितलं नाही. सांगायचं काय आणि गाळायचं काय, हे मला तेव्हापासून जमू लागलं होतं.

बजाअक्का आमच्याकडच्या निंदणीची मुकादम. पन्नाशीची, काटक, बोलताना समोरच्याकडे न बघता हातातल्या विळ्याकडे बघणारी. दहा-बारा बाया तिच्या शब्दावर यायच्या आणि कोणत्या ओळीला कोण लागणार, हे ती सकाळीच ठरवायची. मी लहान असताना मायबरोबर शेतात जायचे तेव्हा तिनेच मला बाजरी आणि तण ओळखायला शिकवलं. चुकून बाजरीचं रोप उपटलं तर ओरडायची नाही. ते रोप उचलून माझ्या हातात ठेवायची आणि पुढे जायची.

मी त्या वेळी धुळ्याला विज्ञान शाखेच्या दुसऱ्या वर्षाला होते. गावात इंग्रजी बोलू शकणारी मी एकटीच, म्हणून संस्थेच्या सबनीस मॅडमनी कॉलेजला पत्र देऊन मला दीड महिन्यासाठी दुभाषी म्हणून मागून घेतलं. मॅडम पुण्याच्या. हसतमुख, सतत वही हातात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला अंगणात बाजूला घेऊन सांगितलं, की दरवर्षी इथल्या एका स्थानिक विद्यार्थ्याला संस्था बाहेरच्या देशातल्या शिबिराला पाठवते. या वर्षी श्रीलंकेत, समुद्रकाठी, कासवांची अंडी राखायचं काम. जाण्यायेण्याचा, राहण्याचा सगळा भार संस्थेचा. साक्री तालुक्यातून तीन नावं होती आणि त्यातलं एक माझं. "शिफारस माझ्या हातात आहे," मॅडम म्हणाल्या. "मुलं खूश राहिली पाहिजेत, नंदा. त्यांना काहीतरी पाहायला मिळालं पाहिजे. तू माझा आधार आहेस."

मी तोवर धुळ्याच्या पलीकडे गेले नव्हते. समुद्र पाहिला नव्हता. माझ्यासाठी स्थळं बघायला सुरुवात झाली होती आणि नाना येणाऱ्या प्रत्येक स्थळाला, त्यांच्या स्वभावाप्रमाणे, नाही म्हणत नव्हते. परदेशात शिबिराला जाऊन आलेली मुलगी म्हटलं, की पुढे शिकू द्या म्हणायला मला जागा मिळणार होती. जायचंच, हे मी त्या दिवशी अंगणात ठरवलं. हे सगळं आज मी सबब म्हणून सांगत नाहीये. त्या वयात एखादी गोष्ट हवी म्हणजे किती हवी असते, तेवढं फक्त कळावं.

अडचण अशी, की पाहायला काही मिळेना. ओढ्याकाठच्या झाडांना त्यांनी आठ कॅमेरे बांधले होते. समोरून काही गेलं की आपोआप फोटो निघायचा. चार आठवड्यांत त्यात आमच्या गाई आल्या, कुत्री आली, एक मुंगूस आलं, आणि सकाळच्या वेळी टमरेल घेऊन निघालेले आमच्या आळीतले एक आबा चार वेळा आले. आबांना हे कळल्यावर ते नानांकडे तक्रार घेऊन आले आणि त्यांची समजूत काढायला मायला चहा टाकावा लागला. मुलांचे चेहरे उतरत चालले होते. हॅना साक्रीहून धुऊन आलेले फोटो संध्याकाळी बघायची आणि पाकिटात परत घालायची. मॅडमची वहीही रिकामीच होती.

पाचव्या आठवड्यात पावसाने दोन दिवस उघडीप दिली. माय म्हणाली, निंदणी उरकून घ्या. मुलांनाही शेतकाम अनुभवायचं होतं, म्हणून मॅडम त्यांना घेऊन आमच्या बाजरीच्या शेतात आल्या. अनुभव तासाभराचा होता. बाया ओळीने बसल्या होत्या, मुलं मध्ये मध्ये बसून दोन्ही हातांनी तण ओढत होती. बांधालगत गेल्या वर्षीच्या कापसाच्या पऱ्हाट्यांचा ढीग पडलेला होता. बजाअक्काची ओळ तिथे संपत होती. ती तिथे पोचली आणि विळा खाली ठेवून नुसती बसून राहिली. मी जवळ गेले. ढिगाखालच्या पोकळीत रानमांजराची तीन पिल्लं होती. डोळे नुकते उघडलेले, अंगावर पुसट पट्टे, एकमेकांच्या पोटात तोंडं खुपसलेली.

आमच्याकडे याची एक रीत आहे. पिकात पिल्लं सापडली, तितर असो की मांजर, की त्या बाजूच्या दोन ओळी सोडून द्यायच्या. काठीला चिंधी बांधून ती तिथे रोवायची, म्हणजे मागून येणारीला कळतं. चिंधीपलीकडे विळा जात नाही, मग मालक कितीही घाईत असो. तीन दिवसांनी जाऊन बघायचं. तोवर आईने पिल्लं हलवलेली असतात. मी हे लहानपणापासून पाहत आले होते. मला कुणी शिकवण्याची गरज नव्हती, आणि खरं तर अक्कालाही मला सांगण्याची गरज नव्हती. पण तोवर हॅना धावत आली होती, तिच्या मागे बाकीचे, आणि ओवेनने अंगातलं जाकीट काढून पसरलं होतं.

अक्काने त्यांना हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळून बोलायला लागली. "सांग त्यासले, हात नका लावू. त्यासनी माय आठेच कोठेतरी बशीसन दखी राहिनी व्हई. इतली मान्सं दखीसन येत नही ती. आपुन या दोन ओळी सोडी देऊत, चिंधी बांधी देऊत. तीन दिन इकडे कोनी फिरकानं नही. ती येई, एकेकले तोंडमा धरीसन ली जाई. पानी उनं तर मी टोपली आडवी ठेवी देसू." आई इथेच कुठेतरी बसून बघतेय, माणसं हटली की येऊन पिल्लं नेईल, असं ती सांगत होती. ती इतकं एका दमात कधी बोलत नसे. बोलून झाल्यावर ती पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

हॅनाचे डोळे भरले होते. ती मला विचारत होती, "काय म्हणतेय ती? आई मेली का यांची?" मॅडमच्या हातात कॅमेरा होता आणि चेहऱ्यावर चार आठवड्यांत न दिसलेला आनंद. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ती सांगतेय, इथे रानमांजरं पुष्कळ आहेत. तुम्हाला त्यांची काळजी वाटते, याचा तिला आनंद आहे."

एवढंच. कुणी मला धमकावलं नव्हतं, कुणी माझ्या तोंडात शब्द घातले नव्हते. त्यांनी पिल्लं जाकिटात घेतली. अक्का उठून उभी राहिली, माझ्याकडे बघत होती, मी बांधाकडे बघत होते. मग ती परत ओळीला जाऊन बसली, कारण मालकाच्या मुलीसमोर आणि परदेशी पाहुण्यांसमोर निंदणीच्या बाईने किती बोलायचं, हे तिला ठाऊक होतं. ते मलाही ठाऊक होतं, आणि मी त्यावरच विसंबले.

घरी आणल्यावर पिल्लांच्या अंगावर पिसवा दिसल्या, म्हणून त्यांना कोमट पाण्याने आंघोळ घातली. ते पाणीही मायनेच तापवलं. माय म्हणाली, "कसाले धुई राहिनात त्यासले?" मी म्हटलं, त्यांच्याकडे तशी पद्धत असते. गाईचं दूध शाईच्या ड्रॉपरने पाजलं. ओवेन रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसून होता, खोक्यात आपला स्वेटर घालून. त्यांना नावंही ठेवली. पहिलं पिल्लू दुसऱ्या दिवशी दुपारी गेलं. साक्रीहून जनावरांचे डॉक्टर आले, त्यांनी पिल्लांकडे पाहिलं, मग नानांकडे, आणि "ही इथे आणली कुणी?" एवढंच विचारलं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी डॉक्टरांना चहा आणायला आत गेले.

संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला गोठ्यामागे पिल्लांची आई, ती मांजरी, यायची. आमच्या घरच्या मांजरासारखा आवाज नव्हता तो. जाडसर, तुटक, एकदा ओरडून बराच वेळ थांबणारा. खोक्यातली पिल्लं त्या आवाजाला कान टवकारायची. हॅनाने विचारलं, की हा कसला आवाज. मी म्हटलं, कुठलंतरी जनावर असेल. त्या क्षणीही सांगता आलं असतं. दोन पिल्लं जिवंत होती, खोकं उचलून पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ नेऊन ठेवणं पाच मिनिटांचं काम होतं. पण तसं केलं असतं, तर आधी मी काय गाळलं होतं तेही सांगावं लागलं असतं. एकदा खोटं बोललं, की पुढचं प्रत्येक खरं महाग होत जातं. चौथ्या दिवसापर्यंत तिन्ही गेली. त्यानंतर दोन संध्याकाळी ती मांजरी आली, मग यायची थांबली.

त्या चार दिवसांत मी एकदा शेतात गेले होते. बाया पुढच्या तुकड्यात सरकल्या होत्या. पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ काठीला बांधलेली चिंधी होती आणि तिच्या अलीकडच्या दोन ओळी तणासकट तशाच सोडलेल्या होत्या. आत पिल्लं नाहीत, हे अक्काने डोळ्यांनी पाहिलं होतं. तरी तिने रीत पाळली होती, बहुधा ती मांजरी शोधायला येईल तेव्हा तिला कुणी हुसकू नये म्हणून. मी तिला विचारलं नाही. ती लांब होती आणि मी हाकेच्या अंतरावर जायचं टाळलं.

मॅडमनी अहवाल लिहिला. गावासाठी त्याचा मराठी मजकूर मला करायला सांगितला. 'स्वयंसेवकांनी तीन अनाथ रानमांजरांना वाचवण्याचे शर्थीचे प्रयत्न केले,' हे वाक्य माझ्या अक्षरातलं आहे. अनाथ हा शब्द लिहिताना माझा हात थांबला होता, एवढं मला आठवतं. पण मी तो लिहिला. निघताना हॅना मायच्या गळ्यात पडून रडली, माझ्याही पडली. मला म्हणाली, तुझ्यामुळे आम्हाला ही माणसं कळली. ती गेल्यावर माय चुलीपुढे नुसती बसली, काही न शिजवता. मग म्हणाली, आज भाकरी खिचडी काही नको, मुरमुरे खाऊ. ते तिचं सहा आठवड्यांतलं पहिलं निवांत बसणं होतं.

पुढच्या महिन्यात पत्र आलं. श्रीलंकेला मी जाणार होते. नाना ते पत्र शर्टाच्या खिशात घालून आठवडी बाजारात दोन वेळा फिरून आले. त्या शिबिराबद्दल लोक मला अजून विचारतात आणि मी त्यांना सांगते तेवढंच माझ्याजवळ आहे. वाळूच्या बादल्या वाहिल्या, कासवांच्या खड्ड्यांभोवती जाळी लावली, एकदा नदीत रबरी होडीतून गेलो आणि मी ओकले. तिथल्या ज्या घरी राहिले त्या घरची बाई माझ्यासाठी पाणी उकळायची. पहिल्या दिवशी मी तिला खुणेने सांगितलं, की नको, मी हेच पिईन. तिला वाटलं, मला तिच्या हातचं चालत नाही. तेव्हा पुढे मी मुकाट्याने तिचं उकळलेलं पाणी पीत राहिले. समुद्र पाहिला. मोठा होता. मला झोप फार यायची तिथे.

त्या शिबिराच्या प्रमाणपत्राने पुढे खरोखर दारं उघडली. नानांनी स्थळं थांबवली, मी पुण्याला शिकले, धुळ्याच्या कॉलेजात शिकवायला लागले. दरवर्षी नव्या वर्गाला मी सांगते, की जंगली पिल्लू एकटं दिसलं म्हणजे ते सोडलेलं नसतं. पोरं वहीत लिहून घेतात. हे मला कसं कळलं, ते मात्र एकाही वर्गाला सांगितलेलं नाही.

श्रीलंकेहून आल्यावर अक्काकडे जायला मला चार महिने लागले. आणलेल्या चहाचं एक पाकीट तिच्यासाठी बाजूला ठेवलं होतं आणि ते मी घरातल्या घरात इकडून तिकडे ठेवत होते. शेवटी एका दुपारी गेले. ती दारात बसून शेंगा फोडत होती. मी पाकीट दिलं, तिने ते न बघता बाजूला ठेवलं आणि मला बसायला पोतं सरकवलं. मी मनात वाक्यं जुळवून गेले होते. पण सुपातल्या शेंगा उचलून फोडायला लागले.

तीच म्हणाली, "तवय मी तठे इतलं बोलनू, आनि तू दोनच शब्द बोलनी. मी आडानी शे, पन बोलनं कितलं लांब शे ते माले समजस."

"अक्का, मी..."

"तुले जावानं व्हतं ना त्या परदेशमा. बठ्ठ्या गावले माहीत व्हतं ते." तिने शेंगांची टरफलं पायाने एका बाजूला केली. आवाजात राग नव्हता, त्याने मला जास्त लागलं. मग ती माझ्याकडे बघून, एखाद्याच्या दुखण्याची चौकशी करावी तशी म्हणाली, "मंग, तुनं काम व्हयनं ना?"

"हो," मी म्हणाले. त्या सगळ्या प्रकारात मी अक्काला खरं सांगितलं ते एवढंच, आणि लाज मला अजून त्याचीच सगळ्यात जास्त वाटते.